गाडी पुसण्याचा टॉवेल : स्वस्त कोणता आणि महाग कोणता?

ठाण्याच्या माजिवडा नाक्यावरून निघालेला घोडबंदर रोड कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली, ओवळा अशी गावे घेत गायमुखच्या घाटाकडे जातो. एके काळी या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गावठाणे आणि मोकळी जमीन होती. आता उंच इमारतींच्या वसाहती आहेत आणि त्यांच्या खाली गाड्यांच्या रांगा उभ्या असतात. जिथे गाड्या आल्या तिथे गाड्या धुणारे, पॉलिश करणारे, सीट कव्हर शिवणारे, डेंटिंग-पेंटिंगवाले सगळेच आले. या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर मोठ्या संख्येने आहेत. कोणी स्वतःचे वॉशिंग सेंटर थाटले आहे, तर कोणी पहाटे बादली घेऊन सोसायटीत गाड्या पुसतो.

या सर्वांना रोज लागणारी वस्तू म्हणजे मायक्रोफायबरचा टॉवेल. वस्तू लहान, किंमत लहान. म्हणून खरेदी करताना कोणी फारसा विचार करीत नाही. डझनाचा भाव विचारला, कमी वाटला, माल उचलला. परंतु या लहान वस्तूच्या चुकीने किती मोठे नुकसान होते, हे मी जवळून पाहिले आहे.

एका तरुणाचा अनुभव

माझ्या ओळखीच्या एका मेहनती तरुणाने कासारवडवलीच्या बाजूला दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा घेऊन काम सुरू केले. एका सोसायटीच्या बऱ्याच गाड्या त्याच्याकडे येऊ लागल्या. एके दिवशी एका फिरत्या विक्रेत्याकडून त्याने टॉवेलांची डझने घेतली. पाकिटावर ३५० जीएसएम छापलेले होते. काही आठवड्यांनी एक काळी गाडी धुऊन गेली आणि संध्याकाळी मालक परत आला. दिव्याच्या उजेडात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसत होते. तरुणाला ती गाडी मशीनने फुकट पॉलिश करून द्यावी लागली. दोन दिवसांची मजुरी गेली आणि त्या सोसायटीच्या आणखी काही गाड्याही गेल्या.

तो माझ्याकडे आला, कारण मी कापडवाला. मी न वापरलेले एक डझन घेतले, टेपने मोजले, वजनकाट्यावर ठेवले. माप बरोबर होते, ४० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटर. वजन भरले ४८० ग्रॅम. पाकिटावरचा आकडा खरा असता तर वजन ६७२ ग्रॅम भरायला हवे होते. म्हणजे चार भागांतला एक भाग, किंबहुना त्याहून थोडा जास्तच माल पाकिटात नव्हता.

हा हिशेब कसा केला ते प्रत्येक व्यापाऱ्याने आणि कारागिराने शिकून घ्यावे. त्याला कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

जीएसएम म्हणजे काय?

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन. ४० बाय ४० सेंटिमीटरचा टॉवेल म्हणजे ०.१६ चौरस मीटर. त्याला जीएसएमने गुणले की एका टॉवेलाचे वजन निघते. २५० जीएसएमचा टॉवेल ४० ग्रॅमचा, ३०० चा ४८ ग्रॅमचा, ३५० चा ५६ ग्रॅमचा आणि ४०० चा ६४ ग्रॅमचा. ४० बाय ६० चा टॉवेल असेल तर ०.२४ ने गुणावे. कडेच्या शिलाईच्या धाग्यामुळे एखाद-दोन ग्रॅम इकडेतिकडे होतील, पण डझनामागे पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचा फरक धाग्याने पडत नाही.

वजनाबरोबर मापही घ्यावे. ४० चा म्हणून ३८ चा तुकडा देणे ही बाजारातली जुनी युक्ती आहे. दोन सेंटिमीटर डोळ्याला दिसत नाहीत, पण दोन्ही बाजूंनी कमी झाले की जवळपास एक दशांश कापड कमी होते. मोजपट्टी आणि वजनकाटा ही दोन हत्यारे खिशात ठेवून बाजारात जावे.

माझा सल्ला असा की भाव डझनावर न काढता किलोवर काढावा. एका दुकानात डझन ३६० रुपयांना आणि वजन ४८० ग्रॅम. दुसऱ्या दुकानात डझन ४६० रुपयांना आणि वजन ६७० ग्रॅम, असे समजा. पहिला माल किलोला ७५० रुपये पडला, तर दुसरा सुमारे ६८७ रुपये. जो डझनाला शंभर रुपयांनी महाग दिसत होता तोच प्रत्यक्षात स्वस्त निघाला. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, हिशेबाची रीत मात्र कोणत्याही भावाला लागू पडते.

हे कापड आहे तरी काय?

मायक्रोफायबर म्हणजे एक डेनिअरपेक्षा बारीक तंतू. नऊ हजार मीटर तंतूचे वजन एक ग्रॅम भरले तर तो एक डेनिअरचा. पॉलिएस्टरचा असा तंतू सुमारे १० मायक्रॉन जाडीचा असतो आणि मायक्रोफायबरचा तंतू त्याहूनही बारीक. जपानच्या तोरे कंपनीतील शास्त्रज्ञ मियोशी ओकामोतो यांनी १९७० साली अशा अतिबारीक तंतूंपासून कृत्रिम सुएड कापड तयार केले. पुढे हेच तंत्र पुसण्याच्या कापडात आले.

टॉवेलाच्या तंतूत पॉलिएस्टर आणि नायलॉन असे दोन पदार्थ एकत्र ओढलेले असतात. त्याचा छेद मोसंबीच्या फोडींसारखा दिसतो. कापड तयार झाल्यावर कॉस्टिकच्या प्रक्रियेने आणि यंत्राच्या मारामुळे या फोडी सुट्या होतात. सुट्या झालेल्या फोडींच्या मधल्या फटींत पाणी आणि धूळ शिरून बसते. टॉवेलाची सगळी करामत या फटींत आहे. फोडी नीट सुटल्या नाहीत तर पाकिटावर नाव मायक्रोफायबरचे असूनही कापड पाणी पीत नाही, नुसते पुढे ढकलते.

पाकिटावर ८०/२० किंवा ७०/३० असे आकडे असतात. पहिला आकडा पॉलिएस्टरचा, दुसरा नायलॉनचा. नायलॉन महाग असते. त्याने मऊपणा आणि पाणी शोषण्याची ताकद वाढते. परंतु फोडी सुटल्या नसतील तर ७०/३० सुद्धा व्यर्थ. चांगला सुटलेला ८०/२० चा टॉवेल रोजच्या कामाला पुरेसा आहे. छापलेल्या आकड्याला जास्त पैसे देऊ नयेत.

खरेदीपूर्वीच्या चार परीक्षा

डझने उचलण्यापूर्वी एक नमुना घरी न्यावा, एकदा धुवावा आणि मग तपासावा. नव्या टॉवेलात सुटे तंतू आणि प्रक्रियेचा अंश राहिलेला असतो, म्हणून न धुता केलेली परीक्षा फसवी ठरते.

पहिली परीक्षा हाताची. कोरड्या तळहातावरून टॉवेल हलकेच ओढावा. फोडी सुटलेला टॉवेल कातडीच्या बारीक रेषांना अडकल्यासारखा वाटतो. कामकऱ्याच्या खरबरीत हाताला हे लगेच कळते. अगदी गुळगुळीत सरकणारा टॉवेल संशयास्पद समजावा.

दुसरी परीक्षा पाण्याची. फरशीवर किंवा काचेवर दोन चमचे पाणी सांडून टॉवेल न दाबता सावकाश त्यावरून ओढावा. चांगला टॉवेल पाणी उचलतो आणि मागे थोडीच ओल ठेवतो. वाईट टॉवेल पाण्याची रेघ पुढे ढकलत नेतो.

तिसरी परीक्षा ओरखड्याची. घरात पडलेली जुनी सीडी घ्यावी आणि तिच्या चकचकीत बाजूवर टॉवेल दाबून घासावा. टॉवेलाचा मधला भाग वेगळा घासावा, कड वेगळी आणि शिवलेली चिठ्ठी वेगळी. मग सीडी दिव्याखाली धरावी. पुष्कळदा मधला भाग निर्दोष असतो आणि ओरखडे कडेचे किंवा चिठ्ठीचे असतात. सीडीचे प्लास्टिक लवकर ओरखडते, म्हणून ही परीक्षा कडक आहे. दोन नमुन्यांची तुलना करायला मात्र उत्तम.

चौथी परीक्षा आगीची. एक-दोन तंतू चिमट्यात धरून जाळावेत. पॉलिएस्टर आणि नायलॉन वितळून टणक मणी तयार होतो. सूत असेल तर कागदासारखी राख पडते. सुताची भेसळ यावरून कळते. नायलॉन किती टक्के आहे हे मात्र घरी कळत नाही. मोठा सौदा असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्यावा. नायलॉन फॉर्मिक ॲसिडमध्ये विरघळते आणि पॉलिएस्टर विरघळत नाही, त्यावरून ते प्रमाण काढतात. घाटकोपरला बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, म्हणजे आपली बीट्रा, १९५४ पासून आहे. ठाण्याहून ती काही लांब नाही.

कोणत्या कामाला कोणता?

जास्त जीएसएम म्हणजे जास्त चांगला, हा दुसरा गैरसमज. चाके, दाराच्या खाचा, इंजिनाचा भाग यांना २०० ते २५० जीएसएमचा साधा टॉवेल पुरतो. डॅशबोर्ड आणि सीटला २५० ते ३०० चालतो. काचेला लव असलेला टॉवेल नको. चौकटीच्या विणीचा, ज्याला बाजारात वॅफल म्हणतात तो, किंवा सपाट टॉवेल घ्यावा. पॉलिश आणि वॅक्स उतरवण्यासाठी ३०० ते ४०० जीएसएमचा आखूड लवेचा टॉवेल बरा. फार जाड टॉवेल पॉलिशने लवकर भरतो आणि धुतल्यावर लवकर वाळत नाही. धुतलेली गाडी कोरडी करायला मात्र मोठ्या मापाचा, ५०० जीएसएमच्या वरचा किंवा पीळ दिलेल्या लांब फाशांचा टॉवेल घ्यावा. येथे पैसे वाचवू नयेत.

याला आपल्या भागात एक खास कारण आहे. घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांना टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरावे लागते. बोअरचे पाणी क्षारांचे असते. ते गाडीवर वाळले तर पांढरे ठिपके पडतात आणि ते घासून काढताना रंग खराब होतो. म्हणून पाणी वाळण्याच्या आत उचलून घेणारा टॉवेल हवा.

सोलापूरचा सुती टेरी टॉवेल आपल्या सर्वांच्या घरात आहे. त्याला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि अंग पुसायला त्याच्यासारखा टॉवेल नाही. परंतु सूत वाळल्यावर कडक होते आणि बारीक धूळ आत ओढून न घेता पृष्ठभागावरच फिरवते. गाडीच्या रंगावर तो वापरू नये. जुन्या बनियनच्या फडक्यालाही हाच नियम.

कड आणि चिठ्ठी

गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. एवढ्या थरावर नायलॉनच्या कडक धाग्याची ओव्हरलॉक शिलाई रोज फिरली तर काय होईल, याचा विचार करावा. रंगावर वापरायचा टॉवेल बिनकडेचा, म्हणजे अल्ट्रासॉनिक मशीनने कापलेला, किंवा मऊ धाग्याने शिवलेला असावा. कापलेल्या कडेवर वितळलेले टणक कण राहिलेले नाहीत ना, हे बोटाने तपासावे. शिवलेली चिठ्ठी पहिल्याच दिवशी टाके उसवून काढून टाकावी.

शिलाई कारखानदारांना येथे काम आहे. हा टॉवेल भिवंडीच्या यंत्रमागावर सहसा निघत नाही. यंत्रमागावर ताणा-बाण्याचे कापड निघते, आणि हे कापड बहुतेक करून निटिंग मशीनवर बनियनसारखे फाशांनी तयार होते. परंतु तयार कापड किलोने घेऊन, कापून, कड मारून, पाकीट बांधून विकणे हे मुंब्रा-कौसा आणि भिवंडीच्या शिलाईवाल्यांना सहज जमण्यासारखे आहे. कापूरबावडीहून कशेळीच्या पुलावरून भिवंडी जवळ आहे आणि गिऱ्हाईक घोडबंदर रोडवर उभे आहे. धागा मऊ आणि फुगीर घ्यावा, टाका सैल ठेवावा आणि चिठ्ठी शिवण्याऐवजी पाकिटावर चिकटवावी. एवढी काळजी घेतली तर बाहेरून येणाऱ्या हलक्या मालापुढे आपला माल कमी पडणार नाही.

पाकीट बांधून किरकोळीत विकणाऱ्यांनी २०११ चे पाकीटबंद वस्तूंचे वजनमाप नियमही पाळावेत. उत्पादक, पॅकिंग करणारा किंवा आयातदार यांचे नाव-पत्ता, नग, माप, महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क पाकिटावर असला पाहिजे. परदेशी मालावर मूळ देशाचे नाव हवे. खरेदीदारानेही हे वाचावे आणि पक्के बिल घ्यावे. ज्या पाकिटावर कोणाचेच नाव नाही, त्याची तक्रार घेऊन जाणार कोणाकडे?

अर्धी चूक आपली

आता त्या तरुणाकडे परत येऊ. मी त्याला विचारले, टॉवेल वाळत कुठे घालतोस? त्याने रस्त्याकडेच्या दोरीकडे बोट दाखवले. या रस्त्यावरून न्हावाशेवा आणि गुजरातकडची अवजड वाहने जातात, इमारतींची बांधकामे चालतात आणि मेट्रोच्या कामानेही वर्षानुवर्षे धूळ उडवली. ओला टॉवेल त्या धुळीत दिवसभर लटकत होता आणि दुसऱ्या दिवशी तीच रेती काळ्या बॉनेटवर घासली जात होती. वर टॉवेल धुतले जात होते सुती फडक्यांबरोबर, ब्लीच आणि कंडिशनर घालून. विक्रेत्याने वजनात फसवले हे खरे, पण ओरखड्यांतला अर्धा वाटा आपल्याच दोरीचा निघाला.

तेव्हा सांभाळण्याचे नियमही लक्षात ठेवावेत. गाडीवरची धूळ आधी पाण्याच्या धारेने सोडवावी. कोरड्या धुळीवर टॉवेल, कितीही महागाचा असो, फिरवू नये. टॉवेलाची चौघडी घालावी म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात. एक मळली की दुसरी घ्यावी. जमिनीवर पडलेला टॉवेल त्या दिवशी रंगाला लावू नये. रंगाच्या कामाला एका रंगाचे, काचेला दुसऱ्या आणि चाकांना तिसऱ्या रंगाचे टॉवेल ठेवले तर नवा शागीर्दही चुकत नाही. रंगासाठी फिके टॉवेल घ्यावेत, त्यावर मळ लगेच दिसतो. गडद टॉवेल असतील तर पहिल्या धुण्यात वेगळे ठेवावेत, कारण ते रंग सोडतात.

धुताना द्रव साबण आणि साधे किंवा कोमट पाणी वापरावे, ४० अंशांच्या वर जाऊ नये. सुती कपड्यांत मिसळू नये, कारण सुताची लव टॉवेलात अडकते. कंडिशनरने तंतूंवर थर बसतो आणि फटी बुजतात. ब्लीचने तंतू खराब होतो. इस्त्री किंवा गरम ड्रायर लावू नये, तंतू वितळून कडक होतात. सावलीत, रस्त्यापासून आत वाळवावेत आणि झाकणाच्या डब्यात ठेवावेत. पावसाळ्यात ओले टॉवेल ढीग करून ठेवले तर वास धरतात, त्यासाठी आत पंख्याखाली दोरी बांधावी.

टॉवेल जुना झाला की फेकायचा नाही, त्याची पायरी उतरवायची. आज रंगाला, उद्या डॅशबोर्डला, परवा चाकाला आणि शेवटी दुकानाच्या फरशीला. अशा रीतीने एकाच पैशात चार कामे होतात.

खरा हिशेब

समजा, ३० रुपयांचा टॉवेल १५ धुण्यांत रंगाच्या कामातून बाद झाला आणि ६० रुपयांचा ६० धुणी टिकला. पहिला वापरामागे २ रुपये पडला, दुसरा १ रुपया. ही नोंद प्रत्येकाने आपल्याच वहीत ठेवावी. टॉवेल आणल्याची तारीख, वजन, भाव आणि बाद झाल्याची तारीख लिहावी. तीन-चार महिन्यांत आपल्या कामाला कोणता माल स्वस्त पडतो हे वहीच सांगेल, विक्रेत्याच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही.

त्या तरुणाने आता आत खोलीत दोरी बांधली आहे आणि काउंटरवर छोटा वजनकाटा ठेवला आहे. नवा विक्रेता आला की तो आधी डझन काट्यावर ठेवतो. एकाने विचारले, सोने घेतोस की टॉवेल? तो म्हणाला, काळ्या गाडीचे बॉनेट एकदा फुकट पॉलिश करून पाहा, मग सांग.

विकणाऱ्या बंधूंना शेवटी एकच विनंती. माप आणि तोल पुरते द्यावे, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले आहे. दाणे तोलताना जे लागू, ते टॉवेलावर जीएसएम छापतानाही लागू आहे. २५० चा माल २५० म्हणूनच विका. चाकाला, डॅशबोर्डला त्याचेही गिऱ्हाईक आहे, आणि खरे सांगून विकलेल्या मालाचे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येते.